बाराच्या ठोक्याला हुकलेली किक

२६ नोव्हेंबर २०२२, शनिवार

अमेरिकी कॉलेज फुटबॉल. कोलंबसमध्ये, स्वतःच्या मैदानावर ओहायो स्टेट मिशिगनकडून ४५-२३ असं हरतं. मोसमात तोवरचा हा एकच पराभव, पण तो मिशिगनकडून, तोही सलग दुसऱ्या वर्षी. या दोन विद्यापीठांमधलं वैर शंभर वर्षांहून जुनं आहे. बाकी सगळे सामने जिंकून हा एक हरलात, तर ओहायोत कोचला रस्त्याने चालणं मुश्किल होतं. कोच रायन डे यांच्या नोकरीची चर्चा त्याच संध्याकाळी सुरू होते. त्या काळी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये चारच संघांना जागा असे, त्यामुळे मोसम इथेच संपल्यात जमा होता.

२ डिसेंबर, शुक्रवार

यूटा लास व्हेगासमध्ये चौथ्या क्रमांकावरच्या साउदर्न कॅलिफोर्नियाला ४७-२४ असं हरवतं आणि चौथी जागा रिकामी होते. रविवारी निवड समिती ती ओहायो स्टेटला देते. गाठ पडते ती पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाशी. गतविजेता, एकही सामना न हरलेला संघ. मैदान अटलांटाचं, म्हणजे जॉर्जियाच्या अंगणातलंच. त्यांचं विद्यापीठ असलेलं अथेन्स तिथून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे.

३१ डिसेंबर, दुपारी ४

दुसरा उपांत्य सामना ॲरिझोनात आधी सुरू होतो आणि टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) मिशिगनला ५१-४५ असं चकवतं. ओहायोच्या लोकांसाठी याहून गोड बातमी नसावी. मिशिगन बाहेर, आणि अटलांटात जो जिंकेल त्याच्यापुढे अंतिम सामन्यात टीसीयू. त्या रात्री किती काय पणाला लागलं होतं, ते इथे कळतं.

रात्री ८

मर्सिडीज-बेंझ स्टेडियम. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, सी. जे. स्ट्राउड. त्याच्याबद्दल वर्षभर एकच तक्रार होती, की हा मुलगा पळत नाही, जागेवर उभा राहून पास फेकतो. आज तो जॉर्जियाच्या बचावाला झुलवत पळतो आणि पळता पळता पास टाकतो. पहिले दोन टचडाउन पास, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेणारे पास, झेलपटू मार्विन हॅरिसन ज्युनियरच्या हातात. २१-७. पलीकडे जॉर्जियाचा क्वार्टरबॅक, पंचवीस वर्षांचा स्टेट्सन बेनेट, जो या संघात शिष्यवृत्तीशिवाय आला होता. तो हिसका दाखवतो, जॉर्जिया २४-२१ पुढे जातं, पण मध्यंतराला आघाडी पुन्हा ओहायोचीच, २८-२४. मोसमभर ज्या बचावाची धास्ती होती, त्याची पार चिरफाड झाली होती.

तिसऱ्या क्वार्टरचा शेवट

३५-२४. ओहायो पुन्हा गोलरेषेजवळ. स्ट्राउड अंगावर आलेल्यांना चुकवत एंड झोनच्या, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्याच्या, मागच्या कडेला पास फेकतो, हॅरिसन हवेत झेपावतो आणि जॉर्जियाचा जेव्हन बुलार्ड त्याला धडकतो. हॅरिसन जमिनीवर पडून राहतो. पंच पिवळा रुमाल फेकतात: टार्गेटिंग, म्हणजे डोक्याला दिलेली बेकायदा धडक. हा निर्णय टिकला, तर ओहायोला गोलरेषेशी नवी संधी आणि बुलार्ड मैदानाबाहेर. मग रीप्ले पाहिला जातो आणि निर्णय फिरवला जातो. ओहायो तीन गुणांच्या फील्ड गोलवर समाधान मानतं, ३८-२४.

माझ्या मते अनर्थाची पहिली वीट इथे रचली गेली. पंचांनी नियमाचं बोट धरून निकाल दिला असेलही. पण टचडाउनच्या सात गुणांच्या जागी तीन मिळाले आणि वर हॅरिसन गेला. मेंदूला हादरा बसल्याने त्याला परत उतरवलं नाही, आणि ते योग्यच होतं. तोवर त्याने पाच झेलांत १०६ यार्ड कमावले होते. त्याच्यावर दोघे-दोघे लावावे लागत, म्हणून बाकीच्यांना मोकळीक मिळे. तो बाकावर बसताच ती मोकळीक संपली. चौथ्या क्वार्टरमध्ये ओहायोला मिळाले फक्त तीन गुण.

सुमारे ९ मिनिटं बाकी

३८-२७. ओहायोचा चौथा डाउन, म्हणजे चेंडू राखण्याची शेवटची संधी, हवा आहे एकच यार्ड. पंटसाठी, म्हणजे चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देण्यासाठी, खेळाडू उभे राहतात, पण डाव वेगळा आहे: पंट मारायचाच नाही, चेंडू मधल्यामध्ये घेऊन पुढे घुसायचं. चेंडू निघतो, ओहायोचा गडी घुसतो, यार्ड मिळतो. पण जॉर्जियाचे कोच कर्बी स्मार्ट सीमारेषेवर हात हलवत आहेत. समोरची मांडणी त्यांना खटकली होती आणि चेंडू निघण्याच्या पापणीभर आधी त्यांनी टाइमआउट मागितला होता. खेळ रद्द. आता ओहायोला खरोखर पंट मारावा लागतो.

लगेचच्या खेळीत बेनेट लांब पास टाकतो. ओहायोचा बचावपटू लेथन रॅन्सम घसरून पडतो, आणि एरियन स्मिथ एकटाच ७६ यार्ड पळत गोलरेषा ओलांडतो. वर दोन गुणांची जोडही यशस्वी. ३८-३५. तो यार्ड ओहायोच्या खात्यात राहिला असता, तर घड्याळ पळत राहिलं असतं आणि बेनेटच्या हाती चेंडूच आला नसता. स्मार्ट यांचं कौतुक करायचं ते इथे. सामना त्यांनी त्या एका टाइमआउटने वाचवला.

३ मिनिटांहून कमी

ओहायोचा किकर नोआ रगल्स ४८ यार्डांवरून फील्ड गोल मारतो. ४१-३५. ही किक लक्षात ठेवा, कारण पुढे ती कोणाच्याच लक्षात राहिली नाही.

५४ सेकंद

बेनेटचा दहा यार्डांचा पास अडोनाय मिचेलकडे. टचडाउन. जॉर्जियाचा किकर जॅक पॉडलेस्नी टचडाउननंतरचा जोडगुण मारतो. ४२-४१.

२४ सेकंद

पळत नाही म्हणून हिणवला गेलेला स्ट्राउड पळतो, २७ यार्ड, थेट जॉर्जियाच्या ३१ यार्डांपर्यंत. इथून आता फक्त एक फील्ड गोल हवा आहे. आणखी आठ-दहा यार्ड मिळाले तर किक सोपी होईल.

या पुढच्या तीन खेळींवर मला आजही राग येतो. पहिल्या खेळीत चेंडू धावणाऱ्याच्या हाती दिला, एक यार्ड मागे. दुसरा पास पूर्ण झाला नाही. तिसराही नाही. रात्रभर ज्याने जॉर्जियाला नाचवलं, तो मैदानात असताना ओहायोने तीन संधींत कमावलं ते उणे एक यार्ड. किक आता ५० यार्डांची झाली.

रात्री १२

न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरवरचा गोळा खाली उतरतोय. महाराष्ट्रात १ जानेवारीची सकाळ उजाडून साडेदहा वाजलेत. रगल्स धावत येतो, पाय मारतो आणि चेंडू डावीकडे जातो. थोडासा नाही, चांगलाच डावीकडे. ३ सेकंद उरतात. २०२३ सुरू झालेलं असतं.

याच रगल्सने आदल्या मोसमात २१ पैकी २० फील्ड गोल मारले होते. बरोबर वर्षभरापूर्वी, १ जानेवारी २०२२ ला, रोझ बोलमध्ये यूटाविरुद्धची विजयी किकही त्याचीच होती. पण अटलांटाची ती एक किक पुन्हा पुन्हा दाखवली गेली, मध्यरात्रीच्या घड्याळासकट, विनोद करत. शेवटच्या चेंडूवर षटकार न मारू शकलेल्या अकराव्या गड्याच्या माथी सगळा सामना मारावा, तसं. टार्गेटिंगचा फिरलेला निर्णय, टाइमआउट, घसरलेला पाय, उणे एक यार्ड, हे सगळं घडून गेल्यावर त्याला मैदानात बोलावलं होतं.

नंतर

९ जानेवारीला लॉस एंजेलिसजवळ जॉर्जियाने टीसीयूला ६५-७ असं चिरडलं. खरा अंतिम सामना अटलांटातच खेळला गेला होता, असं म्हणायला मला तरी जीभ अडखळत नाही. स्ट्राउडची त्या वसंतात व्यावसायिक फुटबॉलच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर वर्णी लागली. ओहायो स्टेट अखेर राष्ट्रीय विजेतं झालं ते २० जानेवारी २०२५ रोजी, नॉट्र डेमला ३४-२३ असं हरवून, अटलांटाच्या त्याच मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये. कोच रायन डेच होते, आणि त्या संघात लेथन रॅन्समही होता.