वारा कुठून आणायचा?

17 डिसेंबर 2003. नॉर्थ कॅरोलायनातलं किल डेव्हिल हिल्स. सकाळपासून पाऊस. तुमचे बूट वाळूच्या चिखलात रुतलेत, पाणी मानेवरून पाठीत उतरतंय. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाच्या शताब्दीचा 10:35 चा मुहूर्त हुकला, तरी हजारोंची गर्दी हलायला तयार नाही.

काही महिने मागे चला. व्हर्जिनियातल्या वॉरेंटनला केन हाइड आणि त्यांची माणसं राइट बंधूंचं विमान पुन्हा घडवताहेत. भावांनी पुरते आराखडे मागे ठेवलेच नाहीत. आधार जुन्या फोटोंचा, पत्रांचा, उरल्यासुरल्या तुकड्यांचा. पंखावर हात फिरवा. मांजरपाटासारखं सुती कापड, मुद्दाम विणून घेतलेलं आणि सांगाड्यावर तिरकं ताणलेलं, म्हणजे त्याच्या धाग्यांचाच पंखाला ताण मिळतो. खालच्या पंखावर पालथे पडा. कंबर डावीकडे सरकवली की तारा खेचल्या जातात आणि पंखांची टोकं पिळली जातात. शेजारी 12 अश्वशक्तीचं इंजिन. दोन पंख्यांना त्याची ताकद पोचवायला साखळ्या. सायकलवाल्यांचंच डोकं!

आता शंभर वर्षं मागे. डबक्यांवर बर्फ धरलाय. समोरून ताशी चाळीसेक किलोमीटरचा वारा इतका झोंबतोय की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. राइट बंधूंपैकी ऑर्विल पालथा पडलाय. 60 फुटी रुळावरून विमान सुटतं, तेही इतकं सावकाश की भाऊ विल्बर पंख धरून बाजूने धावू शकतो. जमिनीवरचा वेग फुटकळ; पंखांवरून हवा जोरात वाहतेय ती या वाऱ्यामुळे. जॉन डॅनियल्स कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबतो. 12 सेकंद, 120 फूट.

परत पावसात या. दुपारचे साडेबारा होऊन गेलेत. इंजिन खोकतं, विमान रुळावरून धावतं, नाक क्षणभर वर येतं आणि सगळा डोलारा चिखलात बसतो. गर्दीतून हळहळ उठते. खरं तर सरावात हेच विमान शंभरेक फूट उडालं होतं. जास्त ताकदीचं इंजिन बसवलं असतं तर आजही, पुरेशा वाऱ्याशिवाय, उडालं असतं, पण मग ते राइटांचं कसलं! मला विचाराल तर नक्कल इतकी अस्सल होती की तिने मूळ विमानाची अडचणही उचलली: समोरून वारा हवाच.

तुम्ही नकळत ओलं बोट वर धरता. एका बाजूला गार लागतं, पण जेमतेम.