मालक आणि मसलत

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे निघाले की आंब्याच्या घाटाआधी मलकापूर लागते. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे हे मुख्य गाव. नाव ऐकताच 'मलिक' शब्द आठवतो. पण नुसत्या आवाजावरून व्युत्पत्ती सांगू नये, हे अभ्यासकांचे पथ्य. तेव्हा गावाचे नाव बाजूस ठेवू आणि शब्दाचीच विचारपूस करू.

'मलिक' म्हणजे अरबीत राजा. मालक, मालकी, मुलूख ही त्याच घराण्यातली मंडळी मराठीत घरच्यासारखी नांदतात. या घराण्याची एक फार जुनी शाखा बाबिलोनच्या अक्कादी भाषेत आहे. अरबी ही काही तिची मुलगी नव्हे. दोघी एकाच कुळातल्या. अक्कादी लेख मातीच्या फलकांवर कोरीत. १८५७ साली चार विद्वानांनी एकाच लेखाची स्वतंत्र भाषांतरे केली, ती पुष्कळशी जुळली आणि लिपी उलगडल्याची जगाला खात्री पटली.

अक्कादीत राजाला नेहमीचा शब्द 'शर्रु'. 'मल्कु' हा त्याचा पर्याय. आपल्या अमरकोशासारखा त्यांचाही एक पर्यायकोश होता. त्याची पहिलीच ओळ सांगते: मल्कु म्हणजे शर्रु. गंमत पुढेच आहे. त्याच तीन व्यंजनांचा 'मलाकु' म्हणजे विचारविनिमय करणे आणि 'मिल्कु' म्हणजे सल्ला! अरबीत मात्र याच व्यंजनांवर ताब्याचा, स्वामित्वाचा अर्थ चढला. मराठीत आला तो हा दुसरा अर्थ.

मालकीला मसलतीची जोड नसली तर काय होते, हे याच मुलखाने पाहिले आहे. बहामनी दरबारात 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, अशी थोर पदवी होती. पंधराव्या शतकाच्या मध्यास ही पदवी मिरवणारा एक सरदार कोकणावर चालून आला. फिरिश्ता सांगतो की, त्याने शिर्क्यांना पकडले. शिर्के म्हणाले, आधी खेळणा घ्या, वाट मी दाखवतो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. सरदाराने तो सल्ला मानला. दाट रानात फौज अडकली आणि सरदार सैन्यासह कापला गेला. पुढे महमूद गावानने खेळणा घेतला. त्याचीही पदवी तीच. पण १४८१ साली बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानानेच त्या शहाण्या वजिराचा शिरच्छेद करविला, आणि थोड्याच वर्षांत बहामनी राज्याची शकले झाली.

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी 'मालक' मराठीत टिकलाच. मात्र महाराजांच्या सिंहासनाभोवती अष्टप्रधान होते. 'मिल्कु' शब्द त्यांनी ऐकला नसेल. अर्थ पुरता जाणला होता.

आमच्या भागात बायका नवऱ्याला 'मालक' म्हणतात. पाडव्याला ओवाळून घेताना मालकांनी या शब्दाचे जुने नाते आठवावे, आणि ओवाळणीबरोबर वर्षभराच्या कारभारात घरधनिणीचा सल्लाही घ्यावा!