उभयान्वयी अव्यये, इंग्रजीतील

इंग्रजीत दोन उपवाक्यांमधील नाते दाखविणारी अव्यये. मराठी शब्दांच्या आठ जातींची मांडणी दादोबा पांडुरंग यांच्या व्याकरणापासून (१८३६) इंग्रजी धर्तीवर रुळली (पहा : शब्दांच्या जाती), त्यामुळे दोन्ही भाषांत या वर्गाचे नाव एकच, वागणूक मात्र वेगळी. मराठीत जोड दोन्ही टोकांना बसते : जरी–तरी, जोपर्यंत–तोपर्यंत. इंग्रजीत ती एकाच टोकाला पुरते; म्हणून ‘ऑलदो’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे ‘बट’ आला की वाक्य चुकते. मराठी विद्यार्थ्यांची ही चूक निष्काळजीपणाची म्हणावी, तर ती इतकी नियमित नसती. उर्दूतही अगरचे–लेकिन अशी जोडी आहे. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या धाराशिव जिल्ह्यात शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते, तेव्हा तेथील विद्यार्थ्याला दोन्ही परिचित भाषा एकाच वळणाकडे नेत (पहा : भाषासंपर्क). नकाराची अडचण याहून खोल. ‘पाऊस पडत नाही तोपर्यंत पेरणी होत नाही’ यातला पहिला ‘नाही’ इंग्रजी ‘अन्टिल’मध्येच सामावलेला असतो; तो वेगळा घातल्यास पाऊस थांबेपर्यंत पेरणी नाही, असा उलटा अर्थ निघतो. इंग्रजीत जोड एकाच टोकाला पुरते, यावर जुन्या इंग्रजी गद्यात ‘दो–यट’ अशी जोडी आढळते, हा आक्षेप रास्त आहे. पण तेथे ‘यट’ क्रियाविशेषणासारखा येतो, ‘बट’ला ती मुभा नाही.