कॉड कुठे गेला? समुद्रातल्या आकड्यांची गोष्ट

आजचा भाग माशांबद्दल आहे, आणि त्याहून जास्त आकड्यांबद्दल. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

तारीख २ जुलै १९९२. ठिकाण, कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरचं सेंट जॉन्स शहर. एका हॉटेलात केंद्रीय मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी पत्रकारांसमोर बसलेत. ते स्वतः याच बेटाचे. दाराबाहेर मच्छीमार इतके चिडलेत की दार फोडून आत शिरायला बघतायत. आत मंत्री जाहीर करतात: या समुद्रातल्या कॉड माशाची मासेमारी दोन वर्षं बंद.

त्या एका घोषणेने सुमारे ३०,००० माणसांच्या हातचं काम गेलं. आणि ती ‘दोन वर्षं’ संपायला तब्बल ३२ वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल, जास्त मासे पकडले, मासे संपले, त्यात काय एवढं? गंमत इथेच आहे. हा समुद्र दुर्लक्षित नव्हता. इथे सरकारी शास्त्रज्ञ होते, सर्वेक्षणाची जहाजं होती, दरवर्षी किती मासा पकडायचा याची ठरलेली मर्यादा होती. सगळं मोजलं जात होतं. मग मोजता मोजता मासा गेला कसा?

थोडं मागे जाऊ. १४९७ साली जॉन कॅबट हा दर्यावर्दी या भागात पोचला. त्याच्या सफरीनंतर युरोपात बातमी पसरली की तिथे टोपली पाण्यात सोडली तरी मासे भरून येतात. पुढची जवळजवळ साडेचारशे वर्षं लोक इथे गळ टाकून, जाळी लावून कॉड पकडत आले. मासा खारवायचा, वाळवायचा आणि युरोपला पाठवायचा. उन्हाळ्यात कॉड खाण्याच्या शोधात किनाऱ्याजवळ यायचा, तेव्हा छोट्या होड्यांचा हंगाम. हिवाळ्यात तो खोल समुद्रात जायचा, तिथे त्याला कोणी फारसं हात लावू शकत नव्हतं. एकोणिसाव्या शतकातले थॉमस हक्स्लींसारखे मोठे शास्त्रज्ञसुद्धा १८८३ साली लंडनमध्ये सांगत होते की कॉडसारखी मासेमारी संपणारी नाही.

१९५०च्या दशकात चित्र पालटलं. तरंगत्या कारखान्यांसारखी मोठी ट्रॉलर जहाजं आली. जाळं ओढायचं, मासा तिथेच साफ करायचा, तिथेच गोठवायचा. अनेक देशांची जहाजं हिवाळ्यातही खोल समुद्रात जाऊन अंडी घालायला जमलेला मासा उचलू लागली. १९६८ साली इथून ८ लाख टनांहून जास्त कॉड निघाला. त्यानंतर उतरती कळा लागली.

१९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या अखत्यारीत घेतला. परदेशी जहाजं बहुतेक बाहेर गेली. लोकांना वाटलं, आता समुद्र आपला, शास्त्रज्ञ आपले, हिशेब आपला. ठरलं असं की दरवर्षी साधारण पाचवा हिस्सा मासा काढायचा, बाकीचा वाढू द्यायचा. ऐकायला किती शहाणपणाचं!

पण पाचवा हिस्सा काढायचा तर आधी एकूण किती आहे ते कळायला हवं. समुद्रातले मासे मोजायचे कसे? शास्त्रज्ञांकडे मुख्यतः दोन वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे सर्वेक्षण. दर शरद ऋतूत संशोधन जहाज निघायचं. समुद्राचे खोलीप्रमाणे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात चिठ्ठ्या टाकल्यासारख्या जागा निवडायच्या. मासा असो वा नसो, तिथेच ठरावीक जाळं ठरावीक वेळ ओढायचं. रिकामं जाळं आलं तर तीही नोंद. माशाच्या कानातला इवलासा खडा कापून त्यावरची वर्तुळं मोजायची, झाडाच्या खोडावरची मोजतात तशी, म्हणजे वय कळतं.

दुसरी वाट म्हणजे व्यापारी ट्रॉलरच्या नोंदी. एक तास जाळं ओढलं की किती टन मासा आला? तो आकडा वाढत असेल तर समुद्रात मासा वाढतोय, असा हिशेब.

१९८०च्या दशकात हे दोन आकडे वेगळं बोलायला लागले. ट्रॉलरचा आकडा भरघोस होता, सर्वेक्षणाचा बराच कमी. सर्वेक्षणात चढउतार फार, म्हणून साठ्याचा अंदाज बांधताना ट्रॉलरच्या नोंदींना मोठं वजन मिळालं.

चूक कुठे होती? समजा, गावात शंभर घरं होती, त्यातली नव्वद ओस पडली. उरलेली माणसं रोज संध्याकाळी एकाच चहाच्या टपरीवर जमतात. तुम्ही फक्त त्या टपरीवर उभं राहून माणसं मोजली तर वाटेल, गाव गजबजलंय. कॉडचं तेच झालं. मासा कमी झाला तसा तो मोजक्या ठिकाणी दाटीने जमू लागला. आणि ट्रॉलरकडे मासा शोधणारी यंत्रं होती, जहाजं नेमकी तिथेच जायची. समुद्र रिकामा होत असताना जाळी भरलेली येत होती! शिवाय लहान मासे वर येऊन परत फेकले जायचे, त्यांची धड नोंदच व्हायची नाही.

आता यातला सगळ्यात चटका लावणारा भाग. किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार हे आधीच सांगत होते. त्यांच्या जाळ्यात मासा कमी येत होता आणि येणारा लहान होत चालला होता. पण त्यांचं म्हणणं ‘किस्से’ म्हणून बाजूला पडलं. पाणी थंड झालं असेल, मासा किनाऱ्याला आला नसेल, अशी उत्तरं मिळाली. शेवटी त्यांच्या संघटनेने विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांकडून सरकारी हिशेब तपासून घेतला. १९८६ साली त्यांनी सांगितलं की सरकार साठा फुगवून मोजतंय.

१९८९ च्या सुरुवातीला सरकारी शास्त्रज्ञांनाही चूक उमगली. ठरलेलं प्रमाण पाळायचं तर यंदा १ लाख २५ हजार टनच पकडता येईल, असं त्यांचं गणित निघालं. आदल्या वर्षीची मर्यादा २ लाख ६६ हजार टन होती. इतकी कपात म्हणजे कारखाने बंद, गावं ओस. सरकारने आकडा ठरवला २ लाख ३५ हजार. नंतर नव्याने हिशेब मांडला तेव्हा कळलं, पाचवा हिस्सा काढतोय असं वाटत होतं, प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त काढला जात होता.

मग १९९२ आलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. मासा गेला कशाने, यावरही भांडण झालं. थंड पाणी? सील? सरकारी मत्स्यखात्यातच काम करणारे रॅन्सम मायर्स आणि जेफ्री हचिंग्ज यांनी आकडे मांडून सांगितलं की मुख्य कारण अतिमासेमारी. १९९७ साली हचिंग्ज आणि दोन सहकाऱ्यांनी एका शोधनिबंधात आणखी कडक प्रश्न विचारला: सरकार माहितीवर ताबा ठेवत असेल तर विज्ञान मोकळेपणाने चालेल का? शास्त्रज्ञांमधले मतभेद आणि अंदाजातली अनिश्चितता मंत्र्यांपर्यंत आणि लोकांपर्यंत पोचू दिली गेली नाही, असा त्यांचा आरोप. खात्याने तो नाकारला.

मायर्स यांनी मात्र भांडणापलीकडचं एक काम केलं. वेगवेगळ्या देशांच्या अहवालांत अडकून पडलेले शेकडो मत्स्यसाठ्यांचे आकडे त्यांनी एकत्र केले आणि सगळ्यांसाठी खुले केले. त्यातून एक जुना वाद बराचसा मिटला. तोवर अनेकांना वाटायचं, मासे अंडी इतकी घालतात की मोठे मासे थोडे उरले तरी बिघडत नाही. १९९६ साली ते आकडे एकत्र तपासल्यावर दिसलं की बिघडतं. अंडी घालणारे मासे कमी झाले की पुढची पिढीही सहसा कमीच येते. एका समुद्राच्या नोंदीतून हे सिद्ध होत नव्हतं, शेकडोंच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर झालं. मायर्स २००७ साली गेले, पण तो संग्रह वाढवून आज त्यांच्याच नावाने चालतो आणि जगभरचे संशोधक तो वापरतात.

न्यूफाउंडलंडमध्येही एक बदल झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या मच्छीमारांनाच नोंदी ठेवण्याचं काम दिलं गेलं. ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीने जाळं टाकायचं आणि शास्त्रज्ञांना आकडे द्यायचे. काल ज्यांचं बोलणं ‘किस्सा’ होतं, आज त्यांचीच वही साठ्याच्या हिशेबात धरली जाते.

मधल्या काळात किनाऱ्यालगत थोडीफार मासेमारी अधूनमधून चालली. २०२३ साली १९५४ पर्यंतच्या जुन्या नोंदी जोडून नवा हिशेब मांडला गेला आणि धोक्याची रेषा खाली सरकली. २०२४ च्या जूनमध्ये सरकारने बंदी उठवली, मर्यादा ठेवली १८,००० टन. कुठे ते आठ लाख आणि कुठे हे! लगेच टीका झाली: घाई होतेय, मोठ्या बोटींना पुन्हा आत घेऊ नका. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची संघटनाही विरोधात उभी राहिली.

पण यावेळी एक फरक होता. हिशेब लोकांसमोर होता, आणि भांडण त्या हिशेबावर, उघड्यावर चाललं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं ‘आमच्याकडे डेटा आहे’, तर तीन प्रश्न विचारा. तो गोळा कोणी केला? भरलेल्या जागी उभं राहून की रिकाम्या जागीही जाऊन? आणि तो बघायची मुभा कोणाकोणाला आहे? न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांनी हे प्रश्न विचारले होते, त्यांना वेळेवर उत्तर मिळालं नाही.

आजच्या भागात एवढंच. भेटू पुढच्या भागात, तोवर ऐकत राहा, वाचत राहा.