निळ्या रंगाखालचा डोंगर

आमच्या शाळेच्या नकाशात समुद्र नुसता निळा असे. जमिनीवर सह्याद्री होता, हिमालय होता. पाण्याच्या वाट्याला मात्र रंगाचा एक सपाट हात. ''तळाशी काय असतं?'' असे मी एकदा मास्तरांना विचारले. ते म्हणाले, ''चिखल! दुसरं काय असणार?''

मास्तरांना दोष कशाला द्यावा? अटलांटिकच्या मध्यावर उंचवटा आहे, याहून फारसे पंडितांनाही पुष्कळ दिवस ठाऊक नव्हते. ते कोडे उलगडले मेरी थार्प या अमेरिकन बाईने. १९४८ साली ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कामाला लागली. संशोधनाच्या जहाजांवर बायकांना तेव्हा मज्जाव! ब्रूस हीझन हा तिचा सहकारी जहाजावरून ध्वनी सोडी, तळाशी आपटून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून खोली काढी; आणि मेरी टेबलाशी बसून ते आकडे कागदावर उतरवी.

१९५२ साली तिने उत्तर अटलांटिकचे सहा आडवे छेद एकाखाली एक मांडले. मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला एक खोल घळ आढळली. इथे जमीन दुभंगते आहे, असे ती म्हणाली. हीझनने ती पोरीबाळींची बडबड ठरवली. खंडे सरकतात, असे म्हणणे त्या काळी पाखंडच होते. पुढे सागरतळाच्या भूकंपांच्या जागा नकाशावर मांडल्या, तर त्या नेमक्या त्या घळीवर पडल्या. हीझनचा विरोध मावळला.

वाचक विचारतील, तळच्या डोंगराचा वाहत्या पाण्याशी संबंध काय? वरचे प्रवाह वारा ढकलतो आणि पृथ्वीचे फिरणे त्यांना वळण देते. खालचे प्रवाह मात्र पाण्याच्या वजनावर चालतात. ध्रुवांकडचे गार, खारे पाणी जड होऊन खाली बसते आणि तळातळाने पुढे सरकते. डोंगर आडवा आला, की घाटातल्या वाटसरूप्रमाणे त्यालाही खिंड शोधावी लागते. अंटार्क्टिकाचे पाणी विषुववृत्तापाशी रोमांश नावाच्या अशाच खिंडीतून अटलांटिकच्या पूर्वभागात शिरते. आपल्या अरबी समुद्राच्या तळाशीही कार्ल्सबर्ग नावाची रांग आहे.

१९७७ साली मेरी आणि हीझन यांचा साऱ्या सागरतळांचा नकाशा पुरा झाला. त्याच वर्षी हीझन वारला. मेरी २००६ पर्यंत जगली. तो नकाशा आज माझ्या भिंतीवर आहे. नातवाने परवा विचारले, ''आजोबा, समुद्रात एवढे डोंगर?'' मास्तरांचे उत्तर आठवून मी हसलो, आणि त्याचे बोट धरून त्या घळीवर ठेवले.