जालना लोकसभा : बालेकिल्ला की काठावरची जागा?

भोकरदन तालुक्यातील हसनाबादचा मतदार लोकसभेसाठी जालना मतदारसंघात मत देतो. या मतदारसंघाचे नाव निघाले की ‘भाजपचा बालेकिल्ला’ हे विशेषण पाठोपाठ येते. १९९६ ते २०१९ या काळातील सलग सात निवडणुका त्या पक्षाने येथे जिंकल्या, हे खरेच. परंतु विजय मोजले आणि मताधिक्य पाहिलेच नाही, तर या जागेचा इतिहास निम्माच कळतो.

प्रथम नकाशा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर येथील सहा विधानसभा मतदारसंघांपैकी जालना, बदनापूर व भोकरदन एवढेच जालना जिल्ह्यातले. सिल्लोड, फुलंब्री व पैठण शेजारच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. उलट जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी परभणी लोकसभेला जोडलेले. सिल्लोडकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा, पैठणला गोदावरी आणि जायकवाडी धरण, मध्ये बियाणे व पोलादाचा व्यापार करणारे जालना शहर. एवढ्या भिन्न मुलखांना एकाच उमेदवाराने पटवायचे!

सत्तांतर या जागेला नवे नव्हते. १९७७ मध्ये जनता पक्षाचे पुंडलिक हरी दानवे निवडून आले. १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसचे बाळासाहेब पवार. १९८९ मध्ये पुन्हा पुंडलिक दानवे, या वेळी भाजपतर्फे. दोनच वर्षांनी काँग्रेसचे अंकुशराव टोपे. १९९६ मध्ये भाजपच्या उत्तमसिंग पवारांनी जागा घेतली आणि १९९९ पासून रावसाहेब दानवे यांचे पर्व सुरू झाले.

भोकरदनचे दोन वेळचे आमदार असलेले रावसाहेब दानवे पाच वेळा खासदार झाले. गंमत अशी की, ते दिल्लीला जात असताना त्यांचा घरचा विधानसभा मतदारसंघ २००४ व २००९ मध्ये राष्ट्रवादीच्या चंद्रकांत दानवे यांच्याकडे होता. हे पुंडलिक दानवे यांचे चिरंजीव. २००९ मध्ये त्यांनी रावसाहेबांच्या पत्नी निर्मला दानवे यांचा पराभव केला.

त्याच वर्षीची लोकसभेची लढत जालन्याच्या इतिहासात सर्वांत बोलकी ठरावी. रावसाहेब दानवे ३,५०,७१०, काँग्रेसचे कल्याण काळे ३,४२,२२८. अंतर अवघे ८,४८२. इंग्लंडमध्ये अशा जागेला ‘मार्जिनल’ म्हणतात आणि पक्ष तेथे सर्वाधिक शक्ती खर्च करतात. काळे हरले खरे, पण काही महिन्यांतच फुलंब्रीतून विधानसभेवर निवडून आले.

पुढे २०१४ मध्ये मताधिक्य २,०६,७९८ झाले, २०१९ मध्ये ३,३२,८१५. दोन्ही वेळा प्रतिस्पर्धी काँग्रेसचे विलास औताडे होते. २००९ ची ती फट बुजली, असेच सर्वांना वाटले.

२०२४ मध्ये काँग्रेसने पुन्हा काळे यांना उभे केले. पंधरा वर्षांनी तीच जोडी समोरासमोर आली आणि निकाल उलटला : काळे ६,०७,८९७, दानवे ४,९७,९३९. अंतर १,०९,९५८. अपक्ष मंगेश साबळे यांनी घेतलेली दीड लाखाहून अधिक मते या अंतरापेक्षाही जास्त होती. मराठा आरक्षण आंदोलनाची छाया या निवडणुकीवर स्पष्ट होती. आंदोलनाचे केंद्र अंतरवाली सराटी जालना जिल्ह्यातले. लोकसभेला मात्र ते गाव परभणीसाठी मतदान करते. मतदारसंघाची रेषा मतपेट्या वेगळ्या करते, माणसांच्या भावना नव्हे.

मग बालेकिल्ला ढासळला का? त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. ज्या सहा मतदारसंघांच्या बेरजेने काळे लाखाच्या फरकाने खासदार झाले, त्या सहाही जागा महायुतीने जिंकल्या. भोकरदनमधून रावसाहेबांचे पुत्र संतोष दानवे तिसऱ्यांदा आमदार झाले. सिल्लोडमध्ये शिवसेनेचे अब्दुल सत्तार यांचे मताधिक्य होते २,४२०.