युद्धपटातील प्रीती आणि प्रेक्षकांचे अश्रू

युद्धावरचा चित्रपट पाहावयास जाणारा प्रेक्षक काही ठराविक अपेक्षा मनाशी धरून जातो. तोफांचा गडगडाट व्हावा, शत्रूची दाणादाण उडावी, नायकाने छातीचा कोट करावा आणि शेवटी आपला पक्ष विजयी व्हावा, एवढे झाले की तिकिटाचे पैसे वसूल झाले असे तो समजतो. डोळ्यांत पाणी आणण्याच्या तयारीने तो गेलेला नसतो. असे असता, रणधुमाळीच्या मध्येच एखादी परिचारिका जखमी शिपायाच्या उशाशी बसते, एखादा डॉक्टर दूरच्या घरची वाट डोळ्यांपुढे आणतो आणि हा प्रेक्षक कासावीस होतो. त्याचा कंठ दाटून येतो, आणि शेजारच्याने ते पाहू नये म्हणून तो मान फिरवितो. हा अनुभव अगदी साधा आहे. तथापि तो का येतो, याचा विचार करू लागले म्हणजे इतिहासाची बरीच पाने उलटावी लागतात.

अशा विचारास पांढुर्णा आणि सौंसर यांच्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेते यांच्यामध्ये वसलेला हा मुलूख मराठी बोलतो, पण राज्याच्या नकाशात तो मध्य प्रदेशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा भाग मागे राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. पण बाजारासाठी, शिक्षणासाठी आणि दवाखान्यासाठी येथील माणसाची पावले पूर्वीपासून नागपूरकडे वळत आली आहेत. ज्या काळी सिनेमा ही नवलाई होती, त्या काळी तहसिलीच्या गावांत तो येई तो बहुधा टूरिंग टॉकीजच्या तंबूत. नाहीतर गाडी पकडून नागपूर गाठावे लागे.

प्रेम आणि युद्ध यांची सांगड या भूमीला सिनेमाने शिकविली असे मात्र नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विदर्भातील मुले तान्हा पोळा साजरा करीत असतात त्याच दिवशी, पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे. झेंडा कोण काढतो यासाठी दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव होतो. या प्रथेच्या मुळाशी जी कथा सांगतात ती एका प्रेमी युगुलाची आहे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावच्या मुलीवर प्रेम केले, तिला घेऊन तो नदी ओलांडू लागला, तेव्हा तिच्या गावकऱ्यांनी दगड मारले आणि त्याच्या गावकऱ्यांनी उलट दगड मारले. त्या दोन माऱ्यांच्या मध्ये दोघेही पाण्यातच गेली. कथेचे पाठभेद अनेक आहेत, पण नदीच्या मधोमध सापडलेले ते युगुल सर्व पाठांत आहे. दोन्ही काठ आपापल्या परीने न्याय्य आणि त्यांच्यामध्ये दोन जीव निराधार, हेच चित्र जगातील प्रत्येक प्रेमकथारूप युद्धपटाच्या मुळाशी असते.

आता हे चित्र प्रत्यक्ष इतिहासात कोठे सापडते ते पाहावे. त्यासाठी १९३८ साली जावे लागेल. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठी चढाई केली. जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. पुढच्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, वर्गणी गोळा झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे इतर चौघे. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी 'राजपुताना' बोटीने हे पथक मुंबईहून निघाले. पाचांपैकी दोघे मराठी, आणि त्यांतला एक सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला जवळच्या वाटणाऱ्या नागपूरचा, ही गोष्ट येथील लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण झाले नव्हते. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन ते पुढील अभ्यासाची तयारी करीत होते. चीनमध्ये पोचल्यावर चुंगकिंगला असतानाच वडील वारल्याची बातमी आली. घरी परतण्याचा मार्ग मोकळा होता, पण ते परतले नाहीत. १९३९ च्या आरंभी पथक येनानला गेले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या आघाडीवर आठव्या लष्कराबरोबर काम करू लागले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये जखमेतील विषबाधेने वारले होते. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या इस्पितळाची सूत्रे १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. तेथे डोंगरातील घरांत, देवळांत आणि झोपड्यांत शस्त्रक्रिया चालत. भूल देण्याची औषधे अपुरी, हत्यारे जुनी आणि शत्रू जवळ आला की इस्पितळ पाठीवर टाकून निघावयाचे. कोटणीस चिनी भाषा शिकले आणि त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले.

तेथेच त्यांना कुओ चिंगलान भेटली. ती परिचर्या शिकवीत असे. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि त्याचे नाव यिन्हुआ ठेवण्यात आले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. इतर चौघे एकेक करून मायदेशी आले. पाचवा परतला नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये या पथकावर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याच्या नावातही नेमके हेच आहे.

या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे 'डॉ. कोटनिस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. तो १९४६ मध्ये प्रदर्शित झाला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी आणि चिंगलानची त्यांच्या पत्नी जयश्री यांनी केली. संगीत वसंत देसाई यांचे होते. हा चित्रपट ज्या प्रेक्षकांपुढे आला त्यांची मनःस्थिती ओळखल्यावाचून त्याच्या परिणामाचे मर्म कळत नाही. १९४३ पासून सरकारने मंजूर केलेली प्रचारचित्रे व वार्तापट दाखविणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले होते. कच्ची फिल्मही परवान्यावाचून मिळत नसे. पडद्यावर युद्ध दिसले की हा सरकारी ढोल आहे, असे लोकांना वाटू लागले होते. ज्या देशाचे नेते १९४२ पासून तुरुंगात होते, त्या देशाला साहेबाच्या युद्धाचे प्रेम कोठून वाटावे?

यात आणखी एक पेच होता. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि सारा देश त्यांच्या बाजूने पेटून उठला. ती सेना ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानच्या सैन्याबरोबर लढली होती. आणि या चित्रपटात शत्रू जपान होता. ज्या सुभाषबाबूंच्या हाकेवरून डॉक्टरांचे पथक जपानविरुद्ध लढणाऱ्यांकडे गेले, तेच सुभाषबाबू पुढे जपानचे साहाय्य घेऊन सेना घेऊन निघाले. राजकारणाच्या तराजूत या दोन गोष्टी एका पारड्यात बसत नाहीत. प्रेक्षकाच्या हृदयात मात्र दोन्ही एकाच वेळी राहू शकल्या. याचे कारण असे की, पडद्यावर त्याच्यापुढे पक्ष उभा नव्हता. एक सोलापूरचा मुलगा होता, त्याच्यासाठी परकी भाषा बोलणारी एक स्त्री होती आणि ज्याच्या नावात दोन देश होते असे एक मूल होते.

चित्रपट इतिहासाशी तंतोतंत प्रामाणिक नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. चित्रपटातला डॉक्टर साथीवर उपाय शोधतो आणि त्याच साथीने जातो. खरे कोटणीस साथीने गेले नाहीत. चित्रपटात जपानी तुकडीशी झटापटी आहेत, साहस आहे. अखेरीस मरणोन्मुख डॉक्टर पत्नीला आपल्या घरची वाट सांगतो आणि ती तान्ह्या मुलाला घेऊन त्याच वाटेने सोलापूरला त्याच्या घरी येते. प्रत्यक्षात कुओ चिंगलान चीनमध्येच राहिली आणि तिने भारताला भेट दिली ती पुढे पुष्कळ वर्षांनी. मग प्रेक्षकाचे अश्रू खोट्या गोष्टीवर ढळले काय?

भरतमुनींनी करुण आणि विप्रलंभ शृंगार यांच्यात जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. वियोगात भेटीची आशा शिल्लक असेल तोवर तो विप्रलंभ; आशा संपली की करुण. युद्धाच्या काळी घराघरांतून हे दोन्ही भाव एकमेकांत मिसळलेले असतात. पत्र आले नाही, तर ते उद्या येईल की कधीच येणार नाही, हे आई जाणत नाही आणि पत्नीही जाणत नाही. शांताराम यांनी शेवटच्या दृश्यात नेमकी हीच सीमारेषा धरली. माणूस गेला आहे, म्हणून करुण. पण त्याने सांगितलेली वाट कोणी तरी चालत आहे, म्हणून आशा. घरी परतण्याची जी इच्छा त्या मनात असेल, तिला दृश्य रूप मिळाले. घटना कल्पित असेल, इच्छा कल्पित नव्हती. तरीही कल्पनेने हृदय हलविले म्हणून इतिहासाला रजा देता येत नाही. उलट, जो हलला त्यानेच पुढे खरे काय घडले ते विचारले पाहिजे.

पुढे काय घडले ते सुखाचे नाही. यिन्हुआ वैद्यकाचे शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये, ऐन तारुण्यात वारला. कुओ चिंगलान दीर्घायुषी झाली. तिने पतीच्या आठवणी लिहिल्या, दोन देशांमधील स्नेहाचे धागे जपले आणि २०१२ मध्ये तिचे निधन झाले. दरम्यान १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारत व चीन यांचे युद्ध झाले. ज्या देशासाठी सोलापूरच्या डॉक्टराने प्राण वेचले, त्याच देशाच्या गोळ्या हिमालयात भारतीय जवानांना लागल्या. अशा वेळी १९४६ चे अश्रू चुकीचे होते असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला असेल. पण कोटणीसांनी बांधलेल्या जखमा कोणा सरकारच्या नव्हत्या, माणसांच्या होत्या. आणि सीमेवर पडलेल्या जवानाचे दुःख मानण्यासाठी उत्तर चीनच्या डोंगरात पुरलेल्या डॉक्टराचे दुःख पुसून टाकावे लागत नाही. एका दुःखाने दुसरे खोडावयाचे म्हटले, तर शेवटी कोणासाठीही रडता येणार नाही.

दुसरीही एक गोष्ट राहते. न परतलेल्यावर चित्रपट निघाला. परतलेल्या चौघांची नावे मात्र आज फार थोड्यांना सांगता येतात. नागपूरचे डॉ. चोळकर त्याच बोटीने गेले होते, त्याच युद्धाच्या छायेत त्यांनी काम केले होते. प्रेमकथा नाही आणि अकाली मृत्यू नाही, म्हणून स्मृतीही नाही, असा आपला हिशेब झाला आहे. चित्रपट त्याच्या धर्माला जागला. त्याला एकच नायक हवा होता. समाजाला तसे करून चालत नाही.

जाम नदीच्या काठी राहणाऱ्यांना ही गोष्ट अधिक उमजावी. तेथे त्या युगुलाची कथा सर्वांना ठाऊक आहे आणि दगडही दर वर्षी तसेच पडतात. माणसे जखमी होतात, काही प्राणासही मुकली आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण ते चालले नाहीत. ज्यांच्या मरणाचे दुःख म्हणून प्रथा सुरू झाली असे सांगतात, त्यांचे दुःख मागे पडले आणि दोन काठांची ईर्षा पुढे राहिली. युद्धपटाचेही असे होऊ शकते. जो प्रेक्षक तोफा पाहावयास जातो आणि अनपेक्षितपणे एका स्त्रीच्या मूक चेहऱ्यापाशी थांबतो, त्याने दोन्ही काठांऐवजी मधल्या पाण्याकडे पाहिलेले असते. ते पाहणे क्षणभराचे असते. घरी गेल्यावरही ते टिकविता आले, तर त्या अश्रूंचे चीज झाले असे म्हणता येईल.